मेंदूला गंज चढलाय? आधी ग्रुप काढा

गेल्या रविवारी संध्याकाळी वाचनकट्ट्यावरून घरी आले, चपला काढल्या आणि नवऱ्याला म्हटलं, यापुढे माझ्यासमोर कुणी 'वाचनसंस्कृती' हा शब्द काढला ना तर साडेचारशे पानांची कादंबरी त्याच्या डोक्यात घालीन, पुठ्ठा बाइंडिंगवाली. तो म्हणाला, पोहे होते का तिथे? होते. पोहेच होते.

तर ज्यांना अलीकडे वाटायला लागलंय की डोकं बधिर होत चाललंय, ऑफिस घर सिरीयल झोप याच्यापलीकडे काही शिरतच नाही डोक्यात, चार माणसांत बसलं तर ट्रॅफिक आणि गुडघे सोडून विषय नाही, आता काहीतरी वाचलं पाहिजे बुवा, अशा सगळ्यांसाठी हा माझा अनुभवाचा सल्ला. फुकट आहे, घ्या.

सगळ्यात आधी काळजी करायला शिका. पुस्तकाला बैठक लागते, उजेड लागतो, चष्मा लागतो. काळजी कशी, भेंडी चिरतानाही होते. आणि नुसतं 'डोकं चालत नाही' म्हणू नका, त्याला वजन येत नाही, 'ब्रेन रॉट' म्हणा. ऑक्सफर्डवाल्यांनी २०२४ सालचा शब्द म्हणून निवडलाय तो. शब्द मुळात १८५४ सालच्या एका अमेरिकन पुस्तकात सापडतो, म्हणजे मोबाईल नव्हता तेव्हाही डोकी सडतच होती, पण हे कुणाला सांगू नका, उगाच मोबाईलची बदनामी थांबेल.

पुस्तकं विकत घ्या. वाचायची कुणी सांगितलीत?

पंधरा मिनिटांत अख्ख्या पुस्तकाचं सार सांगणारं अ‍ॅप घ्या आणि तेही दीडपट स्पीडवर ऐका. लग्नाच्या पंगतीत न बसता दारावरचा मेनू वाचून ढेकर द्यायची, त्यातला प्रकार. पोट हलकं राहतं.

एक जानेवारीला संकल्प सोडा, यंदा ५० पुस्तकं. आमच्या बडोद्यात चौदा तारखेला उत्तरायण असतं, पतंगाबरोबर संकल्पही कापला जातो, गच्चीवर एवढा आरडाओरडा चालू असतो की कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता मुख्य उपाय. वाचनकट्टा काढा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लागतो, तो आधी. मग नावावरून आठ दिवस चर्चा, मग लोगो, कुणाच्या तरी भाचीने केलेला, त्यात बोरू आणि दऊत हवीच, ग्रुपातल्या एकाही माणसाने आयुष्यात बोरू धरलेला नसला तरी. आमच्या ग्रुपात बासष्ट मेंबर. रोज सकाळी बासष्टपैकी चाळीस जण गुलाबाचं फूल टाकतात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तर एवढे पेढ्यांचे फोटो आले की माझा फोन हँग झाला. आणि एक दिवस एका ताईंनी लिहिलं की आपण सगळे बौद्धिकदृष्ट्या साचलोय असं नाही वाटत का? सगळ्यांना वाटलं. हात जोडलेले इमोजी, टाळ्या, अगदी मनातलं बोललात वगैरे. मग ठरलं, महिन्याला एक पुस्तक, सगळ्यांनी तेच वाचायचं आणि भेटून बोलायचं.

मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मी अकाउंट्समध्ये आहे, अठ्ठावीस वर्षं व्हाउचर तपासतेय, माझ्या डोक्याचं काय झालंय ते मला विचारा. वाटलं, चला. कादंबरी मागवली. मार्च एंडिंगचं काम चालू असताना रात्री अकराला भांडी आवरून बसायचे ते दीडपर्यंत. पंधरा रात्री लागल्या. दोनदा पुस्तक छातीवर ठेवूनच झोप लागली. पण वाचली. पेन्सिलीने खुणा केल्या, जुन्या डायरीत चार पानं टिपणं काढली. त्या कादंबरीतली आई शेवटी, सगळं सुरळीत झाल्यावर, राहतं घर का विकून टाकते हे मला काही केल्या उमगत नव्हतं आणि त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं होतं. बस्स, एवढंच पाहिजे होतं मला.

चारची वेळ होती, पावणेपाचला सुरू झालं. चौदा जण आले होते. दीपप्रज्वलन झालं, हो, चौदा माणसांत दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग एका काकांनी 'वाचाल तर वाचाल' यावर पंचवीस मिनिटं घेतली. मग प्रत्येकाने आपण कसे साचलोय ते सांगितलं. एकजण म्हणाले पूर्वी मी खूप वाचायचो. दुसरे म्हणाले मीही पूर्वी. सगळे पूर्वी! एकीने सांगितलं की तिने पुस्तक मागवलंय, उद्यापरवा येईल. एकाने युट्यूबवर त्याच्याबद्दल ऐकलं होतं. एकाने दुसरंच पुस्तक वाचलं होतं, त्याला निदान माझा नमस्कार. सव्वासहाला मला सांगितलं, तुम्ही वाचलंय ना, मग दोन शब्द बोला, पण थोडक्यात. मी डायरी उघडली. आईच्या घरापर्यंत पोचले नाही तोच पोह्यांच्या डिश फिरायला लागल्या आणि मागून आवाज आला, "जवा दो ने ताई, गार होतील."

मग फोटो. उभा एक, आडवा एक, पुस्तक हातात घेऊन एक. पुस्तक एकच होतं, माझं, ते चौदा हातांतून फिरलं. त्या फोटोखाली आत्तापर्यंत एकशे तीस लाइक आहेत आणि कॅप्शन आहे 'बौद्धिक मेजवानी'. पोह्यांत मीठही कमी होतं.

असो. पुढचा सल्ला, लायब्ररीत अजिबात जाऊ नका. मांडवीला पार्किंग मिळत नाही हे कारण पुरे आहे. सयाजीराव महाराजांना पार्किंगचं कळलं नाही म्हणून त्यांनी १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून आणला आणि तिथली सेंट्रल लायब्ररी उभी केली, आपल्या खाजगी संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तकं दिली, वर लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरून संस्थानातल्या खेड्यापाड्यांत पाठवली. बरं हा राजा बारा वर्षांचा होईपर्यंत नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर, अक्षरओळख नव्हती. १८७५ मध्ये दत्तक आला आणि त्यानंतर शिकायला बसला. आणि १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आमच्या कट्ट्यावर काकांनी हे सगळं सांगितलं बरं का, अभिमानाने, गळा दाटून आला त्यांचा. मी विचारलं, तुम्ही शेवटचे कधी गेलात त्या लायब्ररीत? म्हणाले, शाळेची ट्रिप गेली होती.

दांडिया बाजारात ज्या घरात अरविंद घोष राहायचे त्याच्यावरून मी रोज जाते. १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरी केली त्यांनी, मुंबईहून पुस्तकांच्या पेट्या रेल्वेने यायच्या म्हणे आणि रात्री तेलाच्या दिव्याच्या उजेडात, डास चावताहेत याचंही भान नसायचं, इतके वाचत बसायचे. कट्टा नव्हता त्यांचा. लोगोही नव्हता.

नाही, आता मला उपरोध वगैरे जमत नाहीये, सरळच बोलते. वीस पानं. रोज वीस पानं वाचायला अर्धा तास लागतो, फार तर चाळीस मिनिटं. तीनशे पानांचं पुस्तक पंधरा दिवसांत संपतं, वर्षाला चोवीस होतात, आणि चोवीस नको, सहा वाचा, पण वाचा की! त्याच ग्रुपावर तुम्ही रोज अर्धा तास गुलाबं टाकता. साचलो साचलो म्हणून गळे काढता आणि समोर एक बाई पुस्तक वाचून आलीये, तिला चार प्रश्न विचारायचे, भांडायचं तिच्याशी, म्हणायचं की तुम्ही चुकीचं वाचलंय, ती आई बरोबरच वागली, तर तुमचं लक्ष पोह्यांवरच्या शेवेकडे. डोक्याला गंज चढलाय तुमच्या, हो, चढलाय, आणि तुम्हाला तो उतरवायचाच नाहीये, त्याचं कौतुक करून घ्यायचंय. लाज वाटली पाहिजे. मलाही वाटली, कारण पुढच्या महिन्याच्या पोह्यांचे पैसे मी देऊन आले.

आणि एक. निघताना ज्या ताईंनी "तुमची प्रत नेते हं, आठवड्यात वाचून देते" म्हणून पुस्तक नेलंय, त्यात पान २१७ वर खूण म्हणून माझी टेलरची पावती राहिलीये. पावतीशिवाय तो ब्लाउज देत नाही, आणि शनिवारी नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. मी मुद्दाम मागितली नाही, म्हटलं वाचता वाचता सापडेलच, फोन येईल. आज गुरुवार. ताईंच्या स्टेटसला कॉफीच्या मगाशेजारी माझं पुस्तक दोनदा दिसलंय. पावतीबद्दल अजून एक अक्षर नाही.