‘संशय असेल तिथे कोंजुंतीवो’ : एका आक्षेपाला उत्तर

इटालियन भाषेत ‘के’ (म्हणजे ‘की’) नंतर काही वेळा क्रियापदाचं साधं रूप न येता वेगळं रूप येतं, ते कोंजुंतीवो. ते म्हणजे ‘संशयाचं रूप’, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही दोन वाक्यं पुढे केलीत. ‘सोनो कोन्तेन्तो के सीआ क्वी’, म्हणजे तू इथे आहेस याचा मला आनंद आहे. यात संशय कुठला? उलट ‘सेकोन्दो मे ए तार्दी’ (माझ्या मते उशीर झालाय) हे नुसतं मत, तरी क्रियापद साधं. आक्षेप मान्य, व्याख्या मागे घेतली.

पण ‘मग नियमच नाही, सगळं पाठ करा’ हा तुमचा निष्कर्ष पटत नाही. ‘के’च्या आधी काय आलंय ते बघा. माहिती सांगणारं असेल (‘सो के’, मला माहीत आहे की; ‘ए वेरो के’, खरं आहे की) तर साधं रूप; इच्छा, भावना किंवा मत असेल तर कोंजुंतीवो. ‘सेकोन्दो मे’ला ‘के’च लागत नाही, त्यामुळे प्रश्न मिटला. पाठांतर लागतं ते अव्ययांना: ‘आन्के से’ आणि ‘बेन्के’ दोन्ही म्हणजे ‘जरी’, पण कोंजुंतीवो मागतं फक्त दुसरं.

मराठी ‘-वा, -वी, -वं’ची रूपं (यावा, यावी, यावं) म्हणजेच कोंजुंतीवो, हे तुम्ही सुचवलेलं समीकरण अर्ध्या वाटेवर सोडून जातं. ‘वोल्यो के वेंगा’ = त्यानं यावं अशी माझी इच्छा आहे. छान. पण ‘क्रेदो के वेंगा’ = तो येईल असं वाटतं; इथे ‘यावं’ कुठेच नाही, म्हणून मराठी माणूस हमखास साधं रूप वापरून ‘क्रेदो के व्येने’ म्हणतो. (इटालियन लोकही बोलताना म्हणतात, पण परीक्षेत गुण जातात.) दोन्हीकडे कर्ता एकच असेल तर कोंजुंतीवो नकोच: ‘मी येईन असं वाटतं’ म्हणजे ‘पेन्सो दी वेनीरे’.

कोंजुंतीवोच्या रूपांत स्वर उलटतात: ‘पार्लारे’चं (बोलणे) ‘पार्ली’, ‘क्रेदेरे’चं (वाटणे, मानणे) ‘क्रेदा’. दुकानात ऐकू येणारे ‘स्कूझी’ (माफ करा) आणि ‘सेन्ता’ (ऐका) हीच रूपं. अनियमित क्रियापदांत ‘मी’च्या रूपातला ‘ओ’ काढून ‘आ’ लावा: वेंगो–वेंगा (येणे), दीको–दीका (सांगणे), वादो–वादा (जाणे). ‘जाणे’चं मूळ रूप ‘आन्दारे’, त्याला ‘-आरे’ आहे म्हणून ‘वादी’ करू नका, त्यावर इटलीत हसतात. सीआ (असणे), आब्ब्या (जवळ असणे), साप्प्या (माहीत असणे), दीआ (देणे), स्तीआ (राहणे) ही पाच मात्र या युक्तीत बसत नाहीत.

आणि हो, मी, तू, तो या तिघांचं रूप एकच असतं. तुमच्या पहिल्या वाक्यात ‘तू’ गाळलाय. ऐकणाऱ्याला ते ‘तो इथे आहे’ असंही वाटेल. ‘के तू सीआ क्वी’ म्हणा.