किल्लीकडचा

आज सकाळी पावणेनऊला, मी डबा पिशवीत घालून निघणार इतक्यात, एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या गाडीची काच खाली करताना खर्र आवाज येतो आणि त्याला मी जबाबदार आहे म्हणे. मी जबाबदार नाही. पण ते सिद्ध करायला ज्या माणसाची साक्ष काढावी लागेल, त्याचं नाव, गाव, नातं यातलं काहीच मला ठाऊक नाही. त्याचा फेटा तेवढा आठवतो. आंबा रंगाचा.

दिवसा मी एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर असतो. संध्याकाळी आणि रविवारी लोकांच्या बंद झालेल्या गाड्या उघडून देतो. हा जोडधंदा दिवाळीपासूनचा. मंडईजवळ छत्रीखाली बसणाऱ्या एका चावीवाल्या चाचांकडे सहा महिने रविवारी जाऊन शिकलो, पाच हजारांची अवजारं घेतली आणि कार्ड छापलं : ‘अडकलात? उघडतो.’ बायको म्हणाली, हे वाचून लोक पोटाच्या तक्रारी घेऊन येतील. तरी दोनशे छापली.

परवाच्या रविवारी कोथरूडच्या एका कार्यालयातून फोन आला. नवरदेवाच्या मामांनी डिकीत बॅग ठेवली, बॅगेवर किल्ली ठेवली आणि डिकी लावली. दारं आधीच लॉक होती. डिकीचा खटका आत, ड्रायव्हरच्या सीटपाशी. बॅगेत मंगळसूत्र. मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा. मी सातशे सांगितले, मामा म्हणाले, ‘या हो, पैशांचं काय!’ हे वाक्य ऐकलं की पैशांचंच काहीतरी होणार हे मी आता शिकलोय.

१२ वाजून ४ मिनिटांनी पोचलो तेव्हा गाडीभोवती तीसेक माणसं, आणि मध्यभागी ते. साठी ओलांडलेले, सफारी, डोक्यावर फेटा. हातात फूटभर लांबीची स्टीलची पट्टी, आणि ती ड्रायव्हरच्या काचेच्या रबरात निम्मी खुपसलेली.

‘काका, ती काढा बाहेर,’ मी म्हणालो.

‘तुम्ही कोण?’

‘गाडी उघडणारा.’

‘मग मी काय करतोय?’

मी म्हणालो, नवीन गाड्यांच्या दारात वायरिंग असतं, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सरही असतो. पट्टीने लॉक उघडत नाही, नुकसान मात्र होतं. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

‘मारुती ८०० मी दहा सेकंदांत उघडायचो. आणि अँबॅसिडर? तिला पट्टीपण लागायची नाही, दारावर थाप मारली की पुरे.’

मारुती ८०० आणि अँबॅसिडर या दोन्ही गाड्यांचं उत्पादन २०१४ साली थांबलं. काकांचं ज्ञानही त्याच सुमारास थांबलं असावं, पण त्याची बातमी कुठे आली नाही.

मी पिशवी उघडायला खाली वाकलो. वर कुठेतरी खुट्ट असा आवाज झाला. उठून पाहिलं तर काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते आणि ते आकाशाकडे बघत होते. मला वाटलं, चला, माघार घेतली.

‘आधी आरसी दाखवा,’ मी मामांना म्हणालो. हा चाचांचा नियम : गाडी कोणाची ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही आणि वहीत नोंद केल्याशिवाय निघायचं नाही.

‘आरसी गाडीत आहे.’

‘मोबाइलवर? डिजिलॉकरमध्ये?’

‘मोबाइल गाडीत आहे.’

‘म्हणजे तुम्हाला काय वाटतं,’ काका मध्ये पडले, ‘शेरवानी घालून माणूस गाडी चोरायला येतो?’ गर्दी हसली. मी पण हसलो, कारण तीस जणांत एकट्याने न हसणं बरं दिसत नाही. शेवटी मामींच्या मोबाइलवर विम्याचा कागद सापडला, नाव जुळलं. या सगळ्यात सहा मिनिटं गेली आणि ती सगळी माझ्या नावावर जमा झाली. गुरुजी बाहेर येऊन घड्याळ बघून गेले.

‘टेनिसचा चेंडू आणा रे कुणीतरी,’ काका म्हणाले. ‘चेंडूला भोक पाडायचं, लॉकवर दाबून धरायचा, फाडकन दाबला की हवेच्या दाबाने सगळी दारं उघडतात. व्हिडिओ आहे माझ्याकडे.’

‘काका, या गाडीचं सेंट्रल लॉक हवेवर नाही, विजेवर चालतं.’

‘व्हिडिओत चाललंय.’

दोन मुलं खरंच चेंडू शोधायला पळाली. आता माझ्या हातात हवेची चपटी उशी होती. दाराच्या वरच्या कोपऱ्यात ती सरकवायची, पंपाने फुगवायची, बोटभर फट पडली की लांब सळई आत घालायची. बघायला रक्तदाब मोजल्यासारखं दिसतं. काकांना ते अजिबात आवडलं नाही.

‘दुसरी किल्ली कुठंय?’ त्यांनी मामांना विचारलं.

‘नाशिकला. घरी.’

‘घरी कोण आहे?’

‘आई.’

‘लावा फोन!’ काका कडाडले. ‘त्यांना म्हणावं, रिमोट फोनजवळ धरा आणि बटण दाबा. इकडे तुम्ही फोन दारापाशी धरा.’

रिमोटमधून निघते ती रेडिओलहर, ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची. फोनमधून जातो माणसाचा आवाज. हे मी गुडघ्यावर बसून, एका हाताने पंप दाबत सांगत होतो आणि ऐकत कोणीच नव्हतं, कारण मामींच्या फोनवरून नाशिकला फोन लागलासुद्धा होता. ‘आई, किल्ली घ्या. नाही, तिजोरीची नाही. गाडीची. गाडी नाही तिथे, माहितीये. फोनला लावा. कानाला नाही, फोनला!’ सगळे श्वास रोखून उभे. वीस-पंचवीस सेकंद गेले. पलीकडून आजींचा आवाज आला, ‘दाबलंय. अक्षता पडल्या का?’

तेवढ्यात माझ्या सळईचं टोक आतल्या हँडलमध्ये अडकलं. ओढलं. दार उघडलं आणि सायरन सुरू झाला. रिमोटशिवाय दार उघडलं की अशा गाड्या बोंबलतात, त्यात नवल नाही. पण काका ओरडले, ‘बघा! नाशिकहून उघडली!’ आणि टाळ्या पडल्या. नाशिकसाठी.

मी खटका ओढला, डिकीतून किल्ली काढली, सायरन बंद केला. मंगळसूत्र आत पळालं. वाजले होते १२ वाजून १४. उशी लावल्यापासून दार उघडेपर्यंत दीड-दोन मिनिटं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होतो, तेव्हा मामा म्हणाले, ‘दोन मिनिटांचे सातशे?’

‘अहो, मी एकच मिनिट धरतो,’ काका म्हणाले. ‘बाकीचा वेळ फोनचा. मिनिटाचे सातशे, म्हणजे तासाचे बेचाळीस हजार! कलेक्टरला नाही एवढा पगार.’

इथे जरा बोलतो. पतसंस्थेत एका माणसाचं कर्जप्रकरण मी अकरा दिवस टेबलावर ठेवलं होतं. ठेवलं म्हणजे फक्त ठेवलं, त्यावर कॅलेंडर ठेवत होतो. बाराव्या दिवशी सही झाली तेव्हा तो पेढे घेऊन आला, मला साहेब म्हणाला, वाकून नमस्कार करायला लागला. इथे जीव एकवटून काम केलं तर ‘ए चावी, काहीतरी कमी कर.’ सुरुवातीला मला चाळीस मिनिटं लागायची, दोनदा रबर फाटलं, तेव्हा लोक पाणी द्यायचे, चहा द्यायचे, पैसे न मोजता द्यायचे. मी जसजसा शिकत गेलो तसतसे लोक चिडायला लागले. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘घाम दिसला पाहिजे बेटा.’ ते स्वतः अजून मिनिटात उघडतात आणि पुढे पाच मिनिटं उगाच कानस घासत बसतात. मला तेव्हा ती लबाडी वाटली होती. परवा मला घाम आला नाही ही माझी चूक झाली. पेट्रोल, अवजारं, रविवार, आणि दार न ओरखडता उघडलं हे, यातलं काहीच मिनिटांत मोजता येत नाही, आणि लोक घड्याळाशिवाय काही बघत नाहीत. संताप येतो.

चारशेवर तुटलं. ‘आणि जेवूनच जायचं!’ असं मामांनी इतक्या जोरात सांगितलं की ते तीनशे रुपयांचं जेवण आहे हे सगळ्यांना कळावं.

मग मी वसुलीला बसलो. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा. सहाव्या जिलबीनंतर लक्षात आलं की तीनशेची भरपाई एका पंगतीत शरीराला झेपणारी नाही. शेजारच्या आजोबांनी विचारलं, ‘तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?’

‘किल्लीकडचा,’ मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. बहुतेक आडनाव समजले.

समोरच्या ओळीत काका कुठेच दिसेनात. वाढप्याला विचारलं. तो म्हणाला, ‘ते आंबा फेटेवाले? ते वरच्या हॉलमधल्या मुंजीचे. इथे फेटेवाला समोर येईल ते डोकं बांधत होता, तर यांनीही बांधून घेतला.’ निघताना ते जिन्यात भेटले. माझ्या कामाचं तोंडभर कौतुक केलं, पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘हात चांगलाय, फक्त ऐकून घ्यायची सवय लावा.’ आणि माझी तीन कार्डं खिशात घालून घेऊन गेले.

तर आजचा फोन. गॅरेजवाल्याने दाराचं पॅनेल काढलं. आत स्टीलची पट्टी निघाली. पॅनेल काढायचे-लावायचे साडेआठशे, ते मी द्यायचे.

‘मामा, ती पट्टी त्या काकांची.’

‘कोणते काका?’

‘फेटेवाले. तुम्हाला सल्ला देत होते ते.’

पलीकडे शांतता. मग मामा म्हणाले, ‘ते तुमचे साहेब नव्हते?’

मी काही बोललो नाही. त्यांनी पट्टीचा फोटो पाठवला. तिच्यावर लाल मार्करने कार्यालयाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘ऑफिसबाहेर नेऊ नये’.

दुपारी कार्यालयाच्या मॅनेजरचा फोन आला. पट्टी कधी आणून देता म्हणून विचारत होता. माझा नंबर त्याला एका फेटेवाल्या गृहस्थांनी दिला होता.