खानापूरच्या पोरांना विषय दारातच आहे

पर्यावरण-आरोग्यातल्या उन्हाळी इंटर्नशिपवरचा लेख चांगला आहे, विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या फेलोशिपची माहिती तर आमच्या बेळगावजवळच्या खानापुरातल्या बीएस्सीच्या पोरांना कुणी देतच नाही. पण लेखाचा सगळा रोख बेंगळुरू-पुण्याकडे कशाला? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांची संस्था बेळगावातच आहे, नेहरूनगरला. आधी तिथे चौकशी करा की!

आणि विषय म्हणाल तर माकडताप घ्या. 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा ताप 2016 मध्ये आमच्या शेजारच्या, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. पसरतो गोचिडीतून. गोचिडांची बारीक पिल्लं डिसेंबरपासून पालापाचोळ्यात जास्त असतात, आणि त्याच दिवसांत बायका काजू वेचायला रानात वाकलेल्या असतात. इंटर्नशिपला मे महिन्यात गेलात तर हंगाम ओसरलेला, त्यामुळे पांढरं फडकं जमिनीवरून ओढत गोचीड गोळा करायचं काम (तेही जाणत्याबरोबरच, हौस म्हणून नव्हे) फारसं हाती देणार नाही. त्यापेक्षा घरोघरी जाऊन विचारा: रानात जाताना अंगाला काय लावता, माकड मेलेलं दिसलं (या तापाने माकडंही मरतात) तर कुणाला कळवता? हे मराठी-कोकणीत विचारायला खानापूरचंच पोर हवं. अहवाल मात्र कन्नडमध्येही द्या बरं का, तालुक्याच्या आरोग्य खात्यात तोच वाचला जातो.