रोज शंभर रुपये वाचवा आणि गरिबी हटवा, म्हणे

'गरिबी ही मानसिकता आहे' हा, बचत, कर्ज आणि शेअर बाजाराने गरिबी हटते असं सांगणारा लांबलचक मेसेज आमच्या कोपरखैरणेच्या सोसायटी ग्रुपवर आला तेव्हा मी न वाचता डिलीट केला, असले रोज येतात. पण परवा आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींनी तोच मोबाइलवर दाखवला, त्यांच्या घणसोलीच्या महिलांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला, आणि विचारलं, "ताई, भिशी मोडून यात टाकू का पैसे?" तेव्हा डोकं फिरलं. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी आता हेही वाचा.

मुद्दा पहिला. मेसेज म्हणतो, रोज १०० वाचवा, महिन्याला ३००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक हप्ता), ३० वर्षांत एक कोटी, तरी गरीब राहिलात तर चूक तुमची. गणित चुकलेलं नाही, दरवर्षी १२ टक्के मिळत राहिले तर होतात कोटी. महागाई ६ टक्के धरली तर त्या कोटीची आजची किंमत साडेसतरा लाखांच्या आसपास, एवढं फक्त लिहायचं राहिलंय. आणि ३६० हप्ते, एकही न चुकवता! इथे एखाद्या घरचे लोक महिनाभर गावाला गेले की मावशींचा तेवढा पगार कापतात. त्यांनी ३००० कुठून काढायचे ते मेसेजवाल्याने येऊन सांगावं.

मुद्दा दुसरा, आणि खरा राग याचा. म्हणे बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी ग्रामीण बँक काढून छोट्या कर्जांनी गरिबी संपवली, नोबेल मिळालं, म्हणून सगळ्या जगात गरीब बाईला अनुदान नको, कर्ज द्या, ती उद्योजक होईल. २००६ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि ग्रामीण बँकेला मिळालं हे खरं. पण कर्जाने गरिबी जाते का हे नंतर लोकांनी नीट मोजलंय. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी हैदराबादच्या १०४ वस्त्या घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या त्यातल्या ५२ निवडल्या, तिथे मायक्रोफायनान्स, म्हणजे अशीच छोटी कर्जं, आधी सुरू झालं, बाकीच्यांत नंतर. निघालं काय? ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी त्यात जास्त पैसे घातले, थोड्या घरांत टिकाऊ वस्तू आल्या, पण घराचा एकूण खर्च काही वाढला नाही, मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरात बाईचा शब्द चालणं, यात म्हणावा असा फरक नाही. बॉस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को, सगळीकडचं चित्र साधारण हेच, २०१५ मध्ये सहाही अभ्यास एकत्र छापून आलेत. थोडाफार उपयोग होतो, आयुष्य पालटत नाही.

अभ्यास राहू दे, मावशींच्या चाळीत बघा. दर आठवड्याला असल्याच कर्जाच्या गटाची मीटिंग, दहा बायका, हप्ता घ्यायला कंपनीचा पोरगा येतो. एकीचे पैसे आले नाहीत की तो उठत नाही, मग बाकीच्या नऊजणी वर्गणी काढून तिचा हप्ता भरतात आणि नंतर आठवडाभर तिच्याशी धड बोलत नाहीत. मावशींनी ते कर्ज शिलाई मशीनसाठी म्हणून काढलं आणि गेलं पोरीच्या कॉलेजच्या फीला. व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. आता गंमत बघा, हाच मेसेज त्याच बाईला सांगतोय की वीसच्या वर व्याजाने कर्ज घे आणि १२ टक्के मिळतील म्हणून एसआयपी कर! लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचला होता का?

फुकट दिलं की लोक आळशी होतात, हा तिसरा मुद्दा. बॅनर्जी-डुफ्लोंचाच सहा देशांतला दुसरा अभ्यास आहे, अतिगरीब घरांना फुकट शेळ्या-गायी, काही दिवस खर्चाला पैसे आणि प्रशिक्षण दिलं, मदत थांबल्यावर वर्षभरानेही ती घरं मदत न मिळालेल्या तशाच घरांपेक्षा बरी होती. पुढे चला.

चौथा, चीन-भारतातली गरिबी बाजाराने कमी केली. हे अर्धं मान्य करावंच लागेल. १९७८ नंतर चीनने शेतकऱ्याला जादा पीक विकू दिलं, इथे १९९१ ला बाजार खुला झाला, त्याचा फायदा झाला, नाही कोण म्हणतंय. पण चीनमध्ये जमीन कुणाच्या खाजगी मालकीची झाली नाही, शाळा-रस्ते सरकारनेच केले. आणि लांब कशाला, तुर्भेच्या मार्केटमधला माथाडी घ्या. बाजार तर त्याच्या डोक्यावरच होता, अक्षरशः, पण पीएफ, बोनस, भरपगारी रजा मिळाली ती अण्णासाहेब पाटलांच्या युनियनमुळे आणि १९६९ च्या कायद्यामुळे. व्यापाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, घेतात, ती माथाडी बोर्डात जमा होते, त्यातून हे सगळं.

शेवटी लिहिलंय, एसआयपीला वेळ लागतो, लवकर हवं असेल तर ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरचा भाव चढेल की पडेल यावरच्या सौद्यांत, उतरा, रोजचे पाचशे कुठे गेले नाहीत, आणि खाली क्लासची लिंक. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिलेत, आधीच्या तीन वर्षांत एफ अँड ओ (असलेच फ्युचर्स-ऑप्शनचे सौदे) करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, मिळून १.८ लाख कोटींच्या वर गेले. लपवलेलं काही नाही यात, दहातले नऊ जण तोट्यात जातात ही सूचना ब्रोकरने लॉगिन करतानाच दाखवायची, अशी २०२३ पासून सक्तीच आहे. क्लासवाले रोज सकाळी ती ओके करून पुढे जातात आणि मग पोळ्या लाटणाऱ्या बाईला हे पाठवतात.