८००० मीटर कुठून आले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ढगांच्या उंचीच्या माझ्या तक्त्यावर तुमच्या हरकती तीन. शाळेच्या पुस्तकात मध्यम ढग ७००० मीटरपर्यंत आहेत, मी ८००० लिहिले. उच्च ढग ६००० पासून धरल्याने दोन थर एकमेकांत घुसले. आणि १२५ च्या सूत्राने (तापमान उणे दवबिंदू, गुणिले १२५, म्हणजे ढगाच्या तळाची मीटरमधली उंची; दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) पुण्यात पहाटे ढगाचा तळ १२५ मीटरवर आला, प्रत्यक्षात खूप वर पांढरे पिंजलेले तंतू होते.

पहिल्या दोन्हींचं उत्तर एकच. ७००० हा समशीतोष्ण कटिबंधाचा आकडा. जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या ॲटलासमध्ये मध्यम ढग ध्रुवीय भागात २ ते ४ किमी, समशीतोष्ण भागात २ ते ७ आणि उष्ण कटिबंधात २ ते ८ असे आहेत. उच्च ढग अनुक्रमे ३ ते ८, ५ ते १३ आणि ६ ते १८. आपल्याकडे शून्य अंश तापमान गाठायलाच साधारण ५ किमी वर जावं लागतं, त्यामुळे बर्फकणांचा सिरसही (तंतूंसारखा दिसणारा उच्च ढग) वर सरकतो. ७ किमीवर सिरस असू शकतो तसा मध्यम थरातला अल्टोक्युम्युलसही. नाव रूपावरून पडतं, मीटरवरून नाही.

कापसाचे गोळे पसरल्यासारखे ढग असतील तर हात लांब करून बोटं धरा. गोळा करंगळीआड लपला तर उच्च थरातला सिरोक्युम्युलस. करंगळीहून मोठा, पण तीन बोटांत मावणारा अल्टोक्युम्युलस. त्याहून मोठा म्हणजे निम्न थरातला स्ट्रॅटोक्युम्युलस. क्षितिजाजवळच्या ढगांवर हे करू नका, तिथे सगळेच बारीक दिसतात. नजर निदान ३० अंश वर हवी.

तिसरी हरकत अर्धी मान्य. सूत्र कुठल्या ढगाचं, हे मी लिहायलाच हवं होतं. ते फक्त जमीन तापून वर उठलेल्या हवेच्या ढगाचं, म्हणजे क्युम्युलसचं (सपाट तळाचा, कापसाच्या ढिगासारखा ढग). वर जाणारी हवा किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते, तिचा दवबिंदू मात्र १.८ अंशांनीच उतरतो. दोघांतलं अंतर किमीला ८ अंशांनी मिटतं, म्हणून एका अंशाला १२५ मीटर. पहाटे जमीन थंड, हवा उठतच नाही. तुमचे तंतू सिरसचे, त्यांचा खालच्या दवबिंदूशी काही संबंध नाही. दुपारी मोजा, आणि तापमान व दवबिंदू एकाच वेळचे घ्या. कमाल तापमान दुपारचं आणि दवबिंदू सकाळचा घेतला की उत्तर हमखास बिघडतं.

समजा, मे महिन्यात पुण्यात दुपारी तापमान ३८, दवबिंदू १४. फरक २४, तळ ३००० मीटर. 'निम्न' ढगाची २ किमीची हद्द ओलांडली, तरी तो क्युम्युलसच! (यावर चौथी हरकत येणार, हे गृहीत धरलंय.) जुलैत मुंबईत २९ आणि २५.५ असेल तर तळ जेमतेम ४४० मीटर येतो.

हे आकडे जमिनीपासूनचे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे तो मे महिन्यातला तळ समुद्रसपाटीपासून ३५६० मीटर. महाबळेश्वर १३५० च्या आसपास, म्हणून कोकणातून ज्याला आपण खालचा ढग म्हणतो तेच तिथल्या रस्त्यावरचं धुकं. तक्त्यात 'उंची' एवढंच लिहिलं होतं, आता 'जमिनीपासून उंची' केलंय.