लाइन म्हणजे नुसती रेषा नव्हे

माझी भाची डब्लिनला शिकते. पहिल्याच महिन्यात रात्री तिचा फोन आला, रडवेल्या आवाजात. "मावशी, घरमालकीण आजी विचारत होत्या, कुणाबरोबर लाइन करतेस का म्हणून. मी ड्रग्ज घेते असं वाटलं का गं त्यांना?" 'डूइंग अ लाइन' म्हणजे कोकेनची रेघ ओढून नाकाने घेणं, हा अर्थ तिला माहीत होता. पण आयर्लंडच्या जुन्या माणसांच्या तोंडी त्याचाच अर्थ आहे, कुणाशी जमलंय का! आपल्याकडची 'लाइन मारणं' एकतर्फी. तिकडची मात्र दोघांची.

मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि वहीत 'लाइन = रेषा' असंच लिहून देत आले. हे चुकलं, असं आता ठामपणे वाटतं. एका शब्दासमोर एक अर्थ पाठ करून घेतला की मूल भाषेच्या दाराशीच थांबतं.

या शब्दाचं मूळ लॅटिन 'लीनम', म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि धाग्याची दोरी ती लाइन. ब्लाउजच्या अस्तराला आपण लायनिंग म्हणतो, कारण पूर्वी अस्तर लिननचं असायचं. मग दोरी ताणली की रेषा. माणसं एकामागे एक उभी राहिली की अमेरिकेत लाइन, इंग्लंडात तिलाच क्यू. रूळ टाकले की रेल्वे लाइन; 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, आणि आजचा मुंबईकर सहज विचारतो, "कुठल्या लाइनला राहता?" गावाकडे लाइन गेली म्हणजे वीज गेली.

आणि आपलं सूत! तेही धागाच. सुताराकडे ते इंचाचा आठवा भाग, माणूस सुतासारखा सरळ होतो, आणि दोघांचं सूत जुळतं. दोन्ही भाषा धाग्यावरूनच प्रेमापर्यंत पोचल्या, हे मुलांना कुणी सांगतच नाही. बोलीतले, टपरीवरचे अर्थही वर्गात आले पाहिजेत. ते लपवले, तर पोरं परक्या गावात एकटी घाबरतात.

सोमवारी आठवीच्या वर्गात वह्या मिटायला लावल्या आणि गवंड्याची लाइनदोरी काढली. एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात. एरवी तो वर्गात तोंड उघडत नाही. उठला, दुसरं टोक मित्राच्या हातात दिलं, दोरी ताणली, टिचकी मारली आणि म्हणाला, "बाई, लाइन ढिली राहिली की भिंतीला पोट येतं."