रिठ्याच्या पाण्यानेही मासे मरतात

‘रासायनिक पावडर वाईट, रिठा-शिकेकाई निर्धोक, मुलांना एवढं शिकवलं तरी पुरे’ हे कपडे धुण्याच्या पावडरींवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. अशा वनस्पती ठेचून डोहात टाकायच्या आणि गुंगलेले मासे धरायचे, ही जुनीच पद्धत आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे एकदा डोक्यात बसलं की मुलं पुढचा प्रश्नच विचारत नाहीत. किती वापरलं आणि ते पाणी शेवटी जातं कुठं, हे शिकवायला हवं.

मी मिरज तालुक्यात आठवीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं. लेखात जड पाण्याचा उल्लेखच नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे. एका बाटलीत बोअरचं पाणी, दुसरीत पागोळ्यांचं, दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा सारखाच किस. मुलं हलवतात. पागोळ्यांच्या पाण्याला बुचापर्यंत फेस चढतो. बोअरच्या पाण्यावर नुसता पांढरा साका तरंगतो, बोटाला चिकट लागतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबण खाऊन टाकतात ते असं. “म्हणून आई पावडर जास्त घालते होय!” असं कुणीतरी आपणहून बोलतंच. मग फॉस्फेट समजावणं सोपं जातं: पाण्याचा जडपणा मोडायला ते काही पावडरींत घालतात आणि सांडपाण्यातून कृष्णेत पोचलं की शेवाळाला, जलपर्णीला आयतं खत मिळतं.